लहान मुलांची मान आणि सपाट फळी

तान्हं बाळ उचलताना घरातली आजी आधी काय सांगते? “मान धर!” अपघातानंतरच्या उपचारांत मात्र ही गोष्ट बरीच उशिरा आली.

मानेला मार लागलेल्या माणसाला सपाट, कडक फळीवर झोपवायचं, हा जुना नियम. मोठ्यांसाठी तो ठीक होता. लहान मुलाचं डोकं मात्र शरीराच्या मानाने खूप मोठं असतं. फळीवर उताणं झोपवलं की डोक्याचा मागचा भाग उचललेला राहतो आणि मान पुढे वाकते. त्यातून आठ वर्षांखालच्या मुलांची दुखापत बहुधा मानेच्या अगदी वरच्या मणक्यांजवळ असते. 1989 मध्ये अमेरिकेत हर्झेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी सात वर्षांखालच्या दहा जखमी मुलांचे एक्स-रे मांडले. फळीवर असताना त्यांची मान पुढे झुकलेली किंवा मणका सरकलेला होता. म्हणजे मान वाचवायला ठेवलेली फळीच ती वाकवत होती! उपाय साधा निघाला: डोक्यासाठी फळीत खळगा, नाहीतर पाठीखाली जाड घडी.

मान स्थिर ठेवणाऱ्या ‘हेलो’ कड्याची गोष्टही अशीच. 1959 मध्ये कॅलिफोर्नियात जॅकलिन पेरी आणि व्हर्नन निकेल यांनी ते मांडलं, तेही पोलिओने मानेचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी. कडं चार स्क्रूंनी कवटीला घट्ट बसवायचं आणि छातीवरच्या प्लास्टरला जोडायचं. बाळाची कवटी पातळ, इतका दाब ती कशी सोसणार? 1989 मध्येच मुबारक आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांसाठी दहा स्क्रू, पण अगदी हलक्या हाताने आवळलेले, अशी पद्धत सांगितली. ऐकायला भीती वाटते, पण दाब वाटला जातो. दुसऱ्या मणक्याच्या वाढीच्या कूर्चेतून झालेला मोड लहान वयात अशा आधारावर अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय जुळतो. सांधे धरणारे बंध फाटले असतील तर मात्र बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते.

तुमच्या मुलाला असा मार लागला, तर त्याला उचलून बसवू नका, डोक्याखाली उशी देऊ नका, 108 ला फोन करा. हलवावंच लागलं, तर डोकं-मान-धड एका रेषेत धरून, खांद्यांपासून खाली पाठीला चादरीची घडी द्या. कान खांद्याच्या रेषेत यायला हवा.

आणि एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. पँग आणि विल्बर्गर यांनी 1982 मध्येच दाखवलं होतं, की मुलांत हाड शाबूत दिसूनही मज्जारज्जूला इजा झालेली असू शकते, आणि लक्षणं कधी काही तासांनी, कधी दिवसांनी उमटतात.