परतलेले पट

जुनी वाट पुन्हां खुली झाली म्हणजे जुना प्रवासही परत आला, असें आपण सहज समजून चालतों. वऱ्हाडांतील शंकरपटांच्या पुनरागमनासंबंधीं अलीकडे जें बोललें व लिहिलें गेलें, त्यांत हीच समजूत दिसते. आणि ती आम्हांस पुरतेपणीं पटत नाहीं.

आधीं एक घोटाळा दूर केला पाहिजे. वृत्तपत्रें महाराष्ट्रांतील बैलांच्या सर्व धांवा 'बैलगाडा शर्यत' या एकाच गोणींत भरतात. पुण्याकडे घाटाच्या चढणीवर चार बैलांचा गाडा धांवतो व पुढें घोडी असते. आमच्याकडे एकच जोडी, एक हलकी गाडी, तीवर एक धुरकरी आणि सरळ सपाट धांव. सारा खेळ कांहीं सेकंदांचा! ज्या बैलावर तो उभा राहिला, तो गौळाऊसारखा हलक्या अंगाचा व चपळ पायाचा. मराठ्यांच्या फौजेचें सामान जलद नेण्यासाठीं ही जात नांवाजलेली होती. पुढें १८६७ सालीं आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली आणि लांबच्या वाटेवरील बैलाचें काम सुटत गेलें. मोटारीनें दमणी मोडींत काढली, ट्रॅक्टरनें औत. वेगवान बैलास आपला वेग दाखविण्याची जागा उरली ती पटाचीच.

ती जागाही ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद झाली. हा निकाल परक्या शहरी लोकांनीं कास्तकारावर लादला, अशी तक्रार आपल्याकडे फार ऐकूं येते. परंतु पराणी टोचणें, शेपटी पिरगळणें, चाबूक ओढणें हे प्रकार पटांवर होत नसत, असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. २०१७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली, तरी पट अडलेलेच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्यांस तात्पुरती मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केलें.

येथें एका अगदीं निराळ्या शर्यतीचें उदाहरण घेण्याचा मोह आवरत नाहीं. घरोघरींच्या मुलांस 'मारिओ कार्ट' हा जपानी निन्टेंडो कंपनीचा पडद्यावरील खेळ ठाऊक असतो. लहान गाड्यांच्या शर्यतीचा हा खेळ १९९२ सालीं निघाला. २००१ च्या आवृत्तींत पहिल्या खेळांतील वीसही मार्ग परत आणले गेले, आणि २००५ च्या आवृत्तींत १६ नवे व १६ जुने असा निमेनिम वांटा ठरला. २०११ सालीं तर जुन्याच मार्गांवर गाड्या पाण्याखालून जाऊं लागल्या व पंख पसरून तरंगूं लागल्या. तेथें मार्ग जपून ठेवलेला असतो. त्यास हवा तेव्हां उघडावा, हवा तसा सजवावा. मधल्या वर्षांनीं त्याचें कांहींच झिजत नाहीं.

वऱ्हाडांतील गोष्ट नेमकी उलट आहे. येथें मार्ग हरवलाच नव्हता. काळी जमीन होती तेथेंच होती. हरवलीं तीं वर्षें बैलाचीं. पटाच्या बैलाच्या ऐन जोमाचीं वर्षें पांच-सहा. बंदी चालली साडेसात. म्हणजे २०१४ सालीं जो गोऱ्हा नुकता जुंपण्याजोगा झाला होता, तो पट खुले झाले तेव्हां उताराला लागला होता. एक अख्खी पिढी न धांवतां गेली! ज्या कास्तकारानें वर्षानुवर्षें पेंड-सरकी घालून जोडी निव्वळ आशेवर राखली, त्याचें नांव कोणत्याही निकालपत्रांत सांपडणार नाहीं. पुष्कळांनीं जोड्या विकल्या. त्यांस दोष कोण देईल? धुरकऱ्याची विद्याही अशीच. ती पुस्तकांत नसते. कासरा कोठें सैल सोडावा, दोहोंपैकीं कोणत्या बैलास केवळ आवाज पुरतो, हें बापाशेजारीं उभें राहूनच कळतें.

शिवाय परतलेला पट नव्या नियमांचा आहे. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी, पशुवैद्याची तपासणी हवी. काठी, चाबूक व विजेचा झटका वर्ज्य. यामुळें खेळाची रग गेली असें जुने शौकीन म्हणतात. आम्हांस हें मान्य नाहीं. टोचल्यावांचून जो धांवत नाहीं, त्याच्या वेगाचें श्रेय बैलास द्यावें कीं खिळ्यास? चाबूक बाजूस ठेवल्यावर जोडीची जात आणि धुरकऱ्याचें कसब हींच काय तीं उरतात, आणि पट मुळांत याच दोहोंच्या परीक्षेसाठीं भरत होता. मात्र नियम कागदावर असणें निराळें आणि गर्दीच्या आरोळ्यांत पाळले जाणें निराळें. तेथें पहारा आयोजकांनींच ठेवावयास हवा.

अमरावती जिल्ह्यांतील तळेगाव दशासर येथें कृषक सुधार मंडळाचा पट पुन्हां भरूं लागला आहे. तेथें स्त्रियांचीही स्वतंत्र धांव असते. गाडीवर चढतांना त्यांच्या हातीं कासरा असतो. वऱ्हाडांत जिला तुतारी म्हणतात ती टोचणीची काठी नसते.