दोरीवर चालणाऱ्यांची नावे

इ.स.पू. १०८च्या वसंत ऋतूत हान सम्राट वू याने खेळांचा एक मोठा सोहळा भरवला. हान राजवटीच्या इतिहासग्रंथात त्याची नोंद अगदी त्रोटक आहे. खेळ पाहायला तीनशे ली अंतरापर्यंतचे लोक आले, एवढेच ती सांगते. तेव्हाचे तीनशे ली म्हणजे आजचे सुमारे सव्वाशे किलोमीटर. पुण्याहून निघून साताऱ्याच्या पुढे जावे इतके. खेळ कोणी भरवला हे या नोंदीतून कळते, प्रेक्षक किती लांबून आले हेही कळते. खेळ केला कोणी, ते मात्र कळत नाही.

ही उणीव मला खटकली त्याला घरगुती कारण आहे. लहानपणी आमच्या बाजारात डोंबाऱ्याचा खेळ येई. ढोलकी वाजे, कैच्या बांधलेल्या बांबूंवर दोर ताणला जाई आणि माझ्याच वयाची एक मुलगी हातात आडवी काठी धरून त्यावरून चाले. दोर किती उंच होता ते मला आजही आठवते. तिचे नाव मी विचारले नाही. गावात कोणीच विचारले नाही. पुढे चिनी कसरतींचा इतिहास वाचू लागलो तेव्हा दोन हजार वर्षांच्या साधनांतही तोच न विचारलेला प्रश्न पुन्हा पुन्हा भेटत राहिला.

साधने काही कमी नाहीत. हान काळात या खेळांना ‘बायशी’, म्हणजे शंभर खेळ, असे नाव होते. चांग हंग (इ.स. ७८ ते १३९) या कवीने जुन्या पश्चिम राजधानीचे वर्णन करणारे दीर्घकाव्य लिहिले. त्यात खांबावर चढणारे आहेत, चेंडू आणि तलवारी झेलणारे आहेत, दोराच्या दोन टोकांकडून निघून मधोमध समोरासमोर येणारे आहेत. हा चांग हंग खगोलशास्त्रज्ञही होता आणि भूकंपदर्शक यंत्राचा कर्ता म्हणून ख्यात आहे. त्याची नजर नेमकी असणार. १९५४ साली शानतुंग प्रांतातील यीनान येथे हान काळातील एक दगडी थडगे उत्खननात उघडले. तिथल्या शिल्पपटात दोरावर चालणारे आहेत, दोराखाली पाती वर करून रोवलेल्या तलवारी आहेत आणि एका माणसाने तोललेल्या खांबावर मुले कसरत करीत आहेत. १९६९ मध्ये त्याच प्रांतातील चीनान शहरात मातीच्या मूर्तींचा एक संचच सापडला: मध्ये हातांवर उभे राहणारे कसरतपटू, मागे वादक, बाजूंना प्रेक्षक. तुनहुआंगच्या १५६ क्रमांकाच्या गुहेत नवव्या शतकातील एका सरदारपत्नीच्या मिरवणुकीचे चित्र आहे. तिच्यापुढे एक जण खांब तोलून चालला आहे आणि खांबावर पुन्हा मुलेच आहेत. त्या बाईचे घराणे इतिहासाला ठाऊक आहे. मुलांचे नाही.

दरबारचा आश्रय कायमचा नव्हता. सोंग काळात, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकांत, शहरांतील करमणुकीच्या बाजारपेठांत हे खेळ रुजले. तिथे ज्यांना जागा मिळाली नाही ते गावोगाव फिरू लागले. त्यांना चिनी भाषेत जो शब्द होता त्याचा सरळ अर्थ ‘रस्त्याच्या फाट्यावरचे लोक’ असा होतो. पुढील शतकांत बहुतेक कसरतपटूंच्या वाट्याला हाच फाटा आला.

या भटकंतीचे सर्वांत मोठे गाव म्हणजे हबेई प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यातला वूछ्याओ तालुका. जमीन खारवट, कधी पूर, कधी अवर्षण. शेती पोट भरेना म्हणून माणसे अंगातले कसब घेऊन बाहेर पडत. या कलेतील साहित्य पाहा: माठ, वाडगे, ताटल्या, बाकडी, खुर्च्या, शिडी. शेतकऱ्याच्या घरात जे होते त्याचीच उतरंड रचून माणूस तिच्यावर चढला. शेजारून चीनचा महाकालवा जातो. १९१२ मध्ये पूर्ण झालेला त्येनचिन–फुखौ लोहमार्गही याच तालुक्यातून गेला. त्यामुळे वूछ्याओचे फड ईशान्य चीनमार्गे रशियापर्यंत आणि दक्षिणेकडे आग्नेय आशियापर्यंत पोहोचले.

तंबूची सर्कस मात्र बाहेरून आली, आणि इथे आपल्या इतिहासाचा एक धागा जुळतो. इटालियन सर्कसवाला ज्युसेप्पे कियारिनी याचा खेळ मुंबईत पाहून विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, ही हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. तोच कियारिनी १८८०च्या दशकात शांघायलाही गेला. घोडे, हिंस्र पशू आणि तंबू असा एकत्र खेळ तिथल्या लोकांना नवा होता. पुढे वूछ्याओच्या सुन फूयौ याने स्वतःची मोठी सर्कस काढून ती आग्नेय आशियात फिरवली. सांगलीकडचे छत्रे आणि वूछ्याओचा सुन एकमेकांना ओळखत नव्हते. पण दोघांनीही परक्या तंबूत आपल्या मातीतले कसब नेले.

पाश्चात्त्य रंगभूमीवर नावाचा प्रश्न वेगळ्याच रीतीने चिघळला. झू ल्यानख्वेई हा जादूगार ‘चिंग लिंग फू’ या नावाने अमेरिकेत गेला आणि १८९८च्या ओमाहा प्रदर्शनात गाजला. रिकाम्या कापडाखालून पाण्याने भरलेले मोठे भांडे काढणे हा त्याचा हुकमी खेळ. त्याचे यश पाहून विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन जादूगाराने चिनी पोशाख चढवला, ‘चुंग लिंग सू’ हे नाव घेतले आणि लोकांसमोर इंग्रजी बोलणे सोडले. १९०५ मध्ये लंडनला दोघे आमनेसामने आले तेव्हा खऱ्या चिनी माणसालाच आपला खरेपणा शाबीत करण्याची वेळ आली. २३ मार्च १९१८च्या रात्री लंडनमध्ये बंदुकीची गोळी झेलण्याच्या खेळात रॉबिन्सनला खरीच गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. चिनी माणसाचे नाव कोणालाही अंगरख्यासारखे चढवता येत होते, हा त्या काळचा व्यवहार.

१९४९ नंतर राज्यकर्ते बदलले. पंतप्रधान चौ एन लाय यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय कसरतपथक उभे राहिले आणि त्याच वर्षी सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले. रस्त्यावरच्या ‘खेळवाल्या’ला पगार, शाळा, औषधपाणी मिळाले, ‘झाजी’ हे प्रतिष्ठेचे नाव मिळाले. हा बदल लहान नव्हता. जुन्या फडांत कंबर, पाय, कोलांटी आणि हातांवर उभे राहणे ही चार अंगे सहा-सात वर्षांच्या मुलांकडून छडीच्या धाकाने घोटून घेतली जात. मूल फडात देताना आईबाप करारावर अंगठा देत. शिकाऊपणाची कमाई गुरूची, आणि जिवाचे बरेवाईट झाले तर जबाबदारी नशिबाची. नव्या शाळांत करार गेला. पण वय तेच राहिले, चार अंगेही तीच राहिली. निक्सन यांच्या चीनभेटीनंतर १९७२च्या अखेरीस शेनयांगचे पथक अमेरिकेत गेले. प्रेक्षकांनी एका देशाला टाळ्या दिल्या. फाट्यावरचा माणूस आता देशाचा दूत झाला होता, पण दूताचेही स्वतःचे नाव मागेच राहते.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. २००२ मध्ये माँटे कार्लोच्या सर्कस महोत्सवात वू चंगतान आणि वेइ पाओह्वा या जोडप्याला सर्वोच्च सुवर्ण विदूषक पुरस्कार मिळाला. पतीच्या खांद्यावर पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभी राहून ती बॅले करते. तो पुरस्कार दोघांच्या नावावर नोंदला गेला.

सव्वाशे किलोमीटर तुडवत आलेल्या त्या पहिल्या प्रेक्षकांनी घरी परतताना काय सांगितले असेल? दोर किती उंच होता ते नक्कीच सांगितले असेल. मीही आयुष्यभर तेच सांगत आलो. माझ्या बाजारातली ती मुलगी आज माझ्याच वयाची असेल. तिचे नाव विचारायला मला पन्नास वर्षे उशीर झाला आहे, हे समजायला चीनपर्यंत जाऊन यावे लागले.