मांजराच्या मातीची कुळकथा

आपल्या मंडळातल्या घरांत गेल्या काही वर्षांत मांजरे बरीच वाढली आहेत. मुलांनी हट्ट धरला, आई-बाबा वर्षभर 'नाही' म्हणत राहिले आणि शेवटी मांजर आलेच, ही बहुतेक घरांची हकीकत. मांजर आले की दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या त्या लांबलचक रांगेपुढे उभे राहावे लागते. साधी माती, गोळा धरणारी माती, काचेसारखे खडे, लाकडाच्या गोळ्या, मक्याचा भरडा. त्यात पुन्हा सुगंधी आणि बिनसुगंधी. 'लिटर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूध आणि रॉकेल येते, त्यामुळे भारतातून आलेल्या आजी-आजोबांना तर हा सगळाच प्रकार विनोदी वाटतो. मांजराने घाण करावी म्हणून पैसे मोजून माती आणायची! पण या मातीचा इतिहास कळला की पिशवी निवडणे सोपे होते, म्हणून हा लेखप्रपंच.

वाड्यात किंवा कोकणातल्या घरात हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. मांजर परसात जाई, माती उकरी, काम उरके आणि वरून माती लोटून चुलीजवळ परत येई. ही सवय त्याच्या पूर्वजांची आहे. आपले घरातले मांजर पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजरापासून आले, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. कोरड्या मुलखातला प्राणी पाणी जपून वापरतो, म्हणून मांजराचे मूत्र फार तीव्र असते. जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि घरभर दरवळतो तो हाच.

अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक मांजरे बाहेरच जात. रात्री दार उघडून त्यांना सोडून देण्याची रीत होती. ज्यांना ते शक्य नसे ते खोक्यात वाळू, भुसा, शेगडीतली राख किंवा फाडलेले वर्तमानपत्र घालीत. यातले काहीच वास धरून ठेवीत नसे.

मग आला 1947 सालचा जानेवारी. मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचे छोटे गाव आहे. तिथे एडवर्ड लो हा नौदलातून परतलेला सव्वीस वर्षांचा तरुण वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यांच्या जमिनीवर सांडलेले तेल टिपून घेण्यासाठी भुसा आणि मातीचे दाणे विकायचे, हा तो धंदा. शेजारच्या के ड्रेपर या बाई मांजरासाठी वाळू मागायला आल्या. त्यांच्याकडची वाळू गोठून दगड झाली होती, आणि राख वापरून पाहावी तर मांजर काळी पावले घरभर उमटवीत होते. मिशिगनचा जानेवारी ज्यांनी काढला आहे त्यांना वाळू गोठते म्हणजे काय हे सांगायला नको. लो यांनी वाळूऐवजी मातीच्या दाण्यांची पिशवी त्यांना दिली. हेच दाणे कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरायला म्हणून शेतकऱ्यांना विकण्याचा प्रयत्न त्यांनी आधी करून पाहिला होता, पण तो काही चालला नव्हता. ड्रेपरबाई मात्र थोड्याच दिवसांत आणखी माती मागायला आल्या.

ही माती कोणती? तर आपली मुलतानी माती! इंग्रजीत तिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात. 'फुलर' म्हणजे लोकरीचे कापड तुडवून साफ करणारा कारागीर. लोकरीतला तेलकटपणा काढायला तो ही माती वापरी. आपल्याकडे बायका केस धुवायला आणि चेहऱ्याला लावायला जी वापरतात, तिचे काम तेच. जॉर्जिया आणि फ्लोरिडा या राज्यांत तिच्या मोठ्या खाणी आहेत. तिच्या कणांत असंख्य बारीक पोकळ्या असतात. त्यामुळे ती ओल शोषतेच, शिवाय अमोनियालाही काही प्रमाणात धरून ठेवते. वाळूचा कण भरीव असतो; त्याला हे जमत नाही.

लो यांनी दहा पिशव्यांत पाच-पाच पौंड दाणे भरले, वर 'किटी लिटर' असे हाताने लिहिले आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात नेऊन 65 सेंटला विकायला सांगितले. वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना हे कोण घेणार, असे दुकानदाराला वाटले, आणि व्यापारी म्हणून त्याचे बरोबरच होते. लो म्हणाले, मग फुकट वाटा. फुकट नेणारी गिऱ्हाइके परत आली ती पैसे घेऊन. पुढे लो गाडीत पिशव्या घालून गावोगाव फिरले. मांजरांच्या प्रदर्शनांत जागा मिळावी म्हणून तिथल्या मांजरांची खोकी साफ करून दिली. 1964 साली त्यांनी किराणा दुकानांसाठी 'टायडी कॅट' हे नाव काढले. 1990 मध्ये त्यांनी धंदा विकला आणि 1995 साली ते वारले. त्याच वर्षी तो धंदा रॅल्स्टन प्युरिना कंपनीकडे गेला आणि 2001 मध्ये त्या कंपनीसकट नेस्लेकडे.

या मातीने अमेरिकेतले मांजर घरात आणले, असे म्हणण्याची पद्धत आहे. आमच्या मते त्यात डबाबंद खाणे, फ्रिज आणि नसबंदीची शस्त्रक्रिया यांचाही वाटा मोठा आहे. पण माती नसती तर दहाव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात मांजर टिकले नसते, हेही खरे. 1980 च्या दशकात या देशात पाळीव मांजरे कुत्र्यांपेक्षा अधिक झाली.

त्याच दशकात दुसरा मोठा बदल झाला. वायोमिंगमध्ये बेंटोनाइट नावाची माती सापडते; मोंटाना राज्यातल्या फोर्ट बेंटनच्या नावाशी जोडलेल्या खडकांवरून 1898 साली तिला हे नाव मिळाले. ती पाण्याने अनेक पटींनी फुगते आणि चिकट होते. थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने ती मांजरासाठी वापरली, आणि ओल्या जागेपुरता गोळा उचलून टाकायची सोय झाली. त्याआधी आठवड्यातून एकदोनदा सगळे खोके रिकामे करावे लागे. आपल्या कच्छातही बेंटोनाइट भरपूर आहे आणि तिथून मांजरांसाठी माती परदेशी जाते. ही माती मोरीत किंवा संडासात मात्र कधी टाकू नये. जी नळीबाहेर फुगते ती नळीतही फुगते!

काचेसारखे खडे म्हणजे सिलिका जेल, बुटांच्या खोक्यात पुडी असते तेच. लाकूड, गहू, मका, कागद यांचे प्रकार ज्यांना मातीच्या धुळीने खोकला येतो त्यांच्या घरी बरे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डॉक्टर बहुधा कागदाच्या गोळ्याच सांगतात, कारण जखमेत धूळ जायला नको.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. सुनेला दिवस गेले की घरात पहिला सल्ला येतो, "आधी ते मांजर कोणाला तरी देऊन टाका." भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते, आणि ती निराधार नाही. गर्भारपणात पहिल्यांदाच हा संसर्ग झाला तर बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते. मांजराच्या विष्ठेतून हा परजीवी कसा पसरतो हे 1970 च्या सुमारास कळले. ते शोधणाऱ्यांत कॅन्ससमध्ये फ्रेंकेल यांच्याबरोबर काम करणारे, भारतातून आलेले जितेंद्र प्रकाश दुबे होते. याच शोधात मांजर ठेवण्याचा मार्गही आहे. विष्ठेतली बीजे लगेच बाधत नाहीत. त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून खोके रोज साफ करायचे, आणि ते काम त्या नऊ महिन्यांत नवरोबांनी करायचे. दुसरे कोणीच नसेल तर हातमोजे घालून करावे आणि हात साबणाने धुवावेत. घरातच राहणाऱ्या, डब्यातले खाणाऱ्या मांजराला हा संसर्ग क्वचितच होतो. कच्चे मांस मात्र त्याला घालू नये. आपल्यालाही अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतून धोका असतोच. बाईंनी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि मांजर घरातच राहू द्यावे.

निवड करताना आपल्या नाकाआधी मांजराच्या पावलांचा विचार करावा. बहुतेक मांजरांना बारीक, वाळूसारखा, बिनवासाचा कण आवडतो. सुगंधी माती आपल्यासाठी असते. बंद खोक्यात तो दर्प मांजराला नकोसा होतो आणि ते गालिचा शोधते. घरात भलतीकडे घाण करते म्हणून किती मांजरे अनाथालयात पोचवली जातात, हे तिथे काम करणाऱ्यांना विचारावे. थर दोन-तीन इंचांचा, खोकी मांजरांपेक्षा एक जास्त, आणि ती जेवणाच्या वाटीपासून दूर. अगदी लहान पिल्ले माती चाखून पाहतात, म्हणून त्यांना गोळा धरणारी देऊ नये. प्रकार बदलायचा तर जुन्यात नवी थोडी थोडी मिसळत आठवडाभरात बदलावा.

गोळा धरणाऱ्या मातीचा आणखी एक फायदा म्हणजे गोळे मोजता येतात. रोजच्यापेक्षा मोठे आणि पुष्कळ गोळे दिसू लागले तर मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास असू शकतो, तपासून घ्यावे. आणि बोका वारंवार खोक्यात जाऊन कुंथतो आहे, पण गोळा एकही नाही, असे दिसले तर त्याची मूत्रनलिका तुंबली असण्याची शक्यता असते. अशा वेळी सोमवारची वाट पाहू नका, त्याच रात्री इमर्जन्सीत न्या.