मधुमेह, व्यायाम आणि स्मरणशक्ती : एक जुना धागा

गणपती ही बुद्धीची देवता. तिच्याच मंडपात दरवर्षी एक गोष्ट आम्हाला जाणवते. एकेकाळी सगळ्या आरत्या तोंडपाठ असणारे काही ज्येष्ठ आता पुस्तिका शोधतात. वय झाले, म्हणून आपण ते सोडून देतो. त्यांच्यापैकी काहींना मधुमेहही असतो. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो, हे अलीकडे कळले. मधुमेह आणि व्यायाम यांचा संबंध मात्र फार जुना.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या निर्धन रोग्याला सांगितले आहे, की वहाणा व छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावे. किंवा विहीर खणावी. कृश रोग्याला मात्र जपावे, असेही तेथेच बजावले आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे डॉ. बुशार्दा रोग्यांना अंगमेहनत करायला लावत. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला, तरी व्यायाम मागे पडला नाही. स्वतः मधुमेही असलेल्या लंडनच्या डॉ. लॉरेन्स यांनी १९२६ मध्ये दाखवले, की व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो. काम करणारा स्नायू रक्तातील साखर जास्त ओढून घेतो.

मेंदूकडे लक्ष गेले ते उशिरा. १९९९ मध्ये हॉलंडमधील रॉटरडॅमच्या सहा हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या पाहणीत, मधुमेह असणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. २०११ मध्ये अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर प्रयोग झाला. वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग सुमारे २ टक्के वाढला; केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला. हे लोक मधुमेही म्हणून निवडलेले नव्हते, आणि मधुमेहींवरील प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. म्हणून चालणे हा विसरण्यावर हमखास उतारा, असे आम्ही म्हणणार नाही. साखर आटोक्यात राहायला मदत होते, एवढे पक्के.

आपल्या बडोद्याला हे नवे नाही. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने येथे पिढ्या घडवल्या. आबासाहेब मुजुमदारांनी मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ येथेच दहा खंडांत सिद्ध केला. त्या परंपरेचे वारस असलेले आम्ही मात्र कचेरीतल्या खुर्चीवरून उठतो ते घरच्या सोफ्यावर बसायला.

सयाजीबाग १८७९ पासून आपली वाट पाहते आहे. विसर्जनानंतर आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास तेथे चालू या. घरच्या ज्येष्ठांनाही बरोबर घेऊ. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, खिशात थोडी साखर ठेवावी. सुश्रुताचे एकच ऐकू नये : अनवाणी चालू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि जखम कळत नाही. चांगले बूट घालूनच निघावे.