रात्रीचा धाविक आणि त्याच्या शोधातील भागीदार

त्वरिता देवीचे ठाणे म्हणून ख्यात असलेले तलवाडा ज्या गेवराई तालुक्यात आहे, त्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे. आणि हीच गोदावरी नांदेडचा मुलूख मागे टाकून सिरोंच्यापाशी प्राणहितेला भेटते, तेथील काटेरी रानाला पक्षिशास्त्राच्या इतिहासात एक दुर्मिळ मान लाभलेला आहे. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे विल्यम ब्लॅनफर्ड यांना एकोणिसाव्या शतकात तेथे, आणि खाली भद्राचलमकडेही, जेर्डनचा धाविक आढळला होता. मद्रास फौजेतील शल्यवैद्य टॉमस जेर्डन यांनी मिळविलेल्या व एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४८ साली नामकरण केलेल्या या पक्ष्याची अनंतपूरकडील १९०० ची नोंद अखेरची समजली गेली, आणि पुढे तो नामशेष झाला असेच विद्वान मानू लागले.

बीडच्या माळावर जो साधा धाविक दिवसाढवळ्या नजरेस पडतो, त्याचाच हा भाऊबंद. परंतु छातीवर दोन आडवे पट्टे मिरविणारा हा पक्षी निशाचर असून, बाभळी-बोरींच्या झुडपांमधल्या मोकळ्या जागांत अंधारातच किडे टिपतो.

तलवाडा निजामाच्या अमलाखाली असतानाच, १९३१-३२ मध्ये, हैदराबाद संस्थानच्या पक्ष्यांची पाहणी झाली. खर्चाचा भार दरबाराने उचलला, पुरस्कार मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने केला, सालिम अली यांनी विनावेतन रानोमाळ भ्रमंती केली, आणि पंजाबच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या ह्यू व्हिसलर यांनी इंग्लंडात बसून जमविलेल्या नमुन्यांची छाननी केली. सरकारी खजिना, विद्वत्सभा, पायपीट करणारा संशोधक व दूरस्थ पंडित यांची ही जोडणी मला आजही आदर्श वाटते. तरीही धाविक तीत गवसला नाही; दिवसा रान तुडविणाऱ्याला रात्रीचा रहिवासी भेटावा कसा?

ती उणीव पुढच्या भागीदारीने भरून काढली. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या अर्थसाहाय्याने सोसायटीने संकटग्रस्त पक्ष्यांचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा सोसायटीचे संशोधक भारत भूषण यांनी कडप्पा भागातील लोकांकडेच या पक्ष्याची विचारपूस चालविली. आणि जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्लीजवळ एका स्थानिक शिकाऱ्याने रात्री बॅटरीच्या झोतात तो पकडला. बंदिवासात तो जगला नाही, याची हळहळ वाटते. पण त्याच्या मागोमाग लंकामल्लेश्वर अभयारण्य झाले, आणि पुढे तेलुगू गंगा कालव्याची आखणीही त्याच्यासाठी बदलावी लागली.

पुढे सोसायटीच्या जोडीला इंग्लंडातील संशोधक आले, आणि शोधाची रीत अधिक सूक्ष्म झाली. झुडपांमध्ये बारीक चाळलेल्या मातीचे पट्टे पसरायचे, रात्र जाऊ द्यायची, आणि सकाळी उकिडवे बसून त्यांवरची पावले मोजायची; धाविकाला मागचे बोट नसल्याने पुढच्या तीन बोटांचाच ठसा उमटतो, आणि त्याच्या मापावरून हा धाविक की रानातील दुसरा कोणी हे ठरवायचे. शंका उरली तर तेथे आपोआप चालणारा कॅमेरा लावायचा. दुसरीकडे स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहातले, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात १९१७ साली मिळालेले एक अंडे जनुकीय तपासणीअंती याच पक्ष्याचे ठरले, त्यामुळे १९०० ही मर्यादाही मागे पडली. अंड्यासोबतच्या एका जुन्या चिठ्ठीने इतके साधले, कारण ती लिहिणाऱ्याने ठिकाण व साल प्रामाणिकपणे टिपून ठेवले होते.

मराठवाड्यात रानातल्या खुणा वाचण्याचे ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदले, त्या फासेपारध्यांची नोंद मात्र सरकारदप्तरी दीर्घकाळ गुन्हेगार म्हणूनच होत राहिली. गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशयाची दृष्टी सहजासहजी हटली नाही. तित्तिराची चाल ओळखून फासे मांडणारा माणूस माळाचा जो तपशील जाणतो, तो कोणत्याही विद्यापीठात शिकविला जात नाही. सिरोंच्यापासून वर गोदाकाठाने झुडपी रानांची रात्रीची पाहणी व्हावी असे मला मनापासून वाटते. ती होईल तेव्हा अशा माणसाला रोजंदारीवरचा वाटाड्या न समजता करारात त्याचे मानधन ठरवावे, अहवालात त्याचे नाव पहिल्या पानावर यावे, आणि रान कोठे पाहायचे हे ठरविण्याच्या बैठकीत त्याला प्रथम विचारावे.