काळ्या पोशाखातला व्यायामशिक्षक

आमच्या शाळेच्या मैदानावर रोज सकाळी प्रार्थनेनंतर बारा सूर्यनमस्कार होतात. सहशिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हापासून मुलांसमोर उभे राहून ते मीच घालून दाखवीत आलो आहे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावरही हा मान मी दुसऱ्या कोणाला दिला नाही. 1998 साली आठवीतला एक मुलगा हात जमिनीला टेकवताना गुडघे वाकवीत होता. मी त्याला सर्वांदेखत टोकले. तो अगदी सरळपणे म्हणाला, "सर, तुमचंबी गुडघं वाकत्यात की!" त्या दिवशी मधली सुट्टी होईपर्यंत तो मैदानावर उन्हात उभा राहिला. उद्धटपणाला दुसरे औषध मला तेव्हा ठाऊक नव्हते.

गेल्या पावसाळ्यात माझी कंबर धरली. नमस्कारात काही चुकते आहे का ते पाहा, असे डॉक्टर म्हणाले. आमचे पी.टी. मास्तर तरुण आहेत, कानडी आहेत आणि भिडस्तही आहेत. मुख्याध्यापकाला चूक दाखवायची कशी, म्हणून त्यांनी युक्ती काढली. आपला मोबाईल विटेला टेकवून बाजूने चित्रण केले, मला दाखवले आणि हळूच म्हणाले, "मोणकाल बागतावरी, सर." तेच वाक्य, पंचवीसहून अधिक वर्षांनी, फक्त भाषा दुसरी.

मला पटेना. नमस्कार घालताना माझे गुडघे ताठ असल्याचे मला आतून स्पष्ट जाणवत होते. पडद्यावरचा पोक्त गृहस्थ मात्र खुर्चीवर बसायच्या बेतात असल्यासारखा वाकलेला होता.

इतिहास हा माझा एम.ए.चा विषय. लाज वाटली की पुस्तकांकडे वळायची जुनी खोड. माणसाने आपल्या शरीराची हालचाल बाहेरून पाहायला सुरुवात केली केव्हा, हे शोधू लागलो आणि थेट घोड्यापाशी जाऊन पोहोचलो.

1878 साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याच्या वाटेवर 12 कॅमेरे ओळीने मांडले. भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का, हा प्रश्न होता. सोडतात, हे छायाचित्रांनी दाखवले. पण पाय पुढेमागे फाकलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. पिढ्यान्‌पिढ्या चित्रकारांनी जे रंगवले होते, ते डोळ्याला वाटलेले होते, घडलेले नव्हते. पुढच्याच वर्षी मायब्रिजने कसरतपटूंची छायाचित्रे घेतली. 1887 मध्ये त्याचा 781 चित्रपत्रांचा प्रचंड संग्रह निघाला. त्यात कुदळ चालवणारा, थाळी फेकणारा एक पांढऱ्या दाढीचा उघडा माणूस आहे. तो स्वतः मायब्रिज! वय साधारण माझ्याइतकेच.

परंतु व्यायामाच्या दृष्टीने खरी गोष्ट पॅरिसची. 1870-71 च्या युद्धात प्रशियाकडून हार खाल्ल्यावर फ्रान्सला आपल्या तरुणांच्या शरीराची काळजी वाटू लागली होती. शाळांत, पलटणींत कवायतीचे वारे शिरले. अशा वेळी, 1882 मध्ये, शरीरशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यांनी पॅरिसच्या कडेला हालचालींच्या अभ्यासाची एक प्रयोगशाळा उभारली. तिथे 500 मीटरची गोल धावपट्टी होती आणि आत गर्द काळोख असलेली काळी पार्श्वभूमी होती. मारे यांचा सहायक होता जॉर्ज देमेनी. हा हाडाचा व्यायामशिक्षक.

मारे यांची रीत मायब्रिजहून वेगळी. अनेक कॅमेऱ्यांऐवजी एकच कॅमेरा, एकच काच, आणि भिंगासमोर फिरणारी खाचांची चकती. ठरावीक अंतराने प्रकाश आत येई आणि एकाच काचेवर धावणाऱ्याच्या ओळीने प्रतिमा उमटत. अडचण अशी की त्या एकमेकींवर चढत. पाय कोणता आणि हात कोणता, कळेना. मग त्यांनी माणसालाच जवळजवळ पुसून टाकले! डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख चढवायचा, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर ठिपके लावायचे. काळ्या पार्श्वभूमीवर माणूस नाहीसा होई आणि उरत फक्त रेघा: मांडीची रेघ, पोटरीची रेघ आणि त्यांच्यामधला गुडघ्याचा कोन. 1884 च्या सुमाराचे या पोशाखातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात उभा आहे देमेनी स्वतः. इतरांना कवायत शिकवणाऱ्या माणसाने आपल्या अंगावर पट्ट्या चिकटवून घेतल्या, हे पाहून मी बराच वेळ त्या पानावर थांबलो. मैदानावर ताठ उभे राहणे सोपे; काचेसमोर तसे उभे राहायला वेगळी छाती लागते.

उडी मारून उतरताना गुडघे कसे वाकतात, पायाखालच्या फळीवर दाब किती पडतो, हे दोघांनी मिळून मोजले. पुढे देमेनीने ताठर, तुटक कवायतीवर टीका करून गोलाईच्या, सलग हालचालींचा पुरस्कार केला. 1894 मध्ये दोघांचे बिनसले. चलच्चित्रांतून धंदा उभा करावा असे देमेनीला वाटत होते, मारे यांना ते मान्य नव्हते. गुरू-शिष्यांचे असे शेवट आपणही पाहतो. अधिक लिहीत नाही.

मला आतून जे ताठ वाटत होते, त्याचे उत्तर मात्र एका नटाकडे मिळाले. ऑस्ट्रेलियाचा एफ. एम. अलेक्झांडर रंगमंचावर बोलता बोलता आवाज गमावू लागला. त्याने आरशांसमोर उभे राहून स्वतःला न्याहाळले. डोके पुढे नेतो आहे असे त्याला वाटे, आणि आरशात ते मागे जाताना दिसे. सवयीची चूक शरीराला बरोबरच वाटते, हे त्याने 1932 च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडले आहे.

आपल्याकडे हे काम वस्तादाचा डोळा करी. माझ्या गावच्या तालमीत आरसा नव्हता. जोर मारताना कंबर पडली की पाठीत काठी टोचे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1928 च्या पुस्तकात सूर्यनमस्काराची छायाचित्रे दिली. पण छापलेले चित्र कसे करावे ते दाखवते, मी कसे करतो ते नव्हे. आणि एक धागा आपल्या बेळगावचा. 1936 साली म्हैसूरचे टी. कृष्णम्माचार्य शिष्यांसह उत्तर कर्नाटकात आसनांची प्रात्यक्षिके करीत फिरले. त्यांतील कोवळ्या बी. के. एस. अय्यंगारांना बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी पाहिले, आणि त्यांच्याच खटपटीने 1937 मध्ये अय्यंगार पुण्याला गेले. 1938 मध्ये या गुरुशिष्यांच्या आसनांचा मूकपट घेतला गेला. तो आजही पाहता येतो. अय्यंगारांनी तो तेव्हा कोणत्या नजरेने पाहिला असेल, असे माझ्या मनात आले.

गेले चार महिने मी दर रविवारी स्वतःचे चित्रण करतो. भिंग कमरेच्या उंचीवर, बरोबर बाजूला. समोरून घेतले तर गुडघ्याचा कोन लपतो, हे मास्तरांनी शिकवले.

1998 चा तो मुलगा आज आमच्याच शाळेत पालक आहे. त्याची मुलगी सहावीत आहे. पालकसभा संपल्यावर त्याला खोलीत बोलावून मी माझे ताजे चित्रण दाखवले आणि कशासाठी दाखवतो आहे तेही सांगितले. त्याने ते दोनदा पाहिले.

"आता बरं हाय, सर," तो म्हणाला. "डावा मातर अजून वाकतोय."