‘हॅलो’ची मैत्रीण आणि ‘न्यूज’च्या चार दिशा

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे शिबिर होते. जेवणानंतरच्या सत्रात डोळे मिटू लागलेले पाहून एका वक्त्यांनी एक गोष्ट सांगितली. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलच्या मैत्रिणीचे नाव होते मार्गारेट हॅलो. यंत्र तयार झाल्यावर त्याने पहिली हाक तिला मारली आणि तेव्हापासून सारे जग फोन उचलताच तिचे नाव घेते! सभागृह एकदम जागे झाले. आमच्या शेजारच्या बाईंनी वहीत टिपूनही घेतले. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट पाच-पन्नास वर्गांत पोचली असणार. आता तीच गोष्ट मोबाइलवरून वर्षातून दोन-तीनदा आमच्याकडे येते, सोबत गुलाबाचे फूल.

हसण्याचा अधिकार मात्र आम्हाला नाही. कारण ‘न्यूज’ हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ या चार दिशांच्या आद्याक्षरांपासून बनला, हे आम्ही स्वतः कितीतरी वर्षे फळ्यावर दिशांचे चित्र काढून शिकवले. एकदा एका मुलाने विचारले, “सर, मग न्यूजपेपरमधल्या पेपरचं काय?” वर्ग हसला. आम्ही त्याला खाली बसवले. प्रश्न आगाऊपणाचा नव्हता, आमच्यापाशी उत्तर नव्हते इतकेच.

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो, ऐकलेले खरे मानू नका, पुरावा पाहा. पुढचा तास भाषेचा असला की मात्र हा नियम आपण दाराबाहेर ठेवतो. शब्दांच्या जन्मकथांनाही पुरावा लागतो आणि तो तपासण्याची रीत अगदी साधी आहे. शब्द प्रथम केव्हा लिहिला गेला, तेव्हा त्याचे स्पेलिंग काय होते, आणि जी माणसे गोष्टीत येतात ती खरोखर कोण होती, एवढे पाहावे.

‘हॅलो’पासूनच सुरुवात करू. बेलचा जन्म १८४७ सालचा. ‘हॅलो’ हा शब्द त्याच्या वीसेक वर्षे आधीपासून अमेरिकेत छापलेला सापडतो, म्हणजे शब्द बेलपेक्षा वयाने मोठा आहे. त्याची भावंडे तर आणखी जुनी. शिकारी कुत्र्यांना चेतवण्यासाठी किंवा नदीपलीकडच्या नावाड्याला बोलावण्यासाठी ‘हॅलू’, ‘होला’ अशा आरोळ्या इंग्रजीत पूर्वीपासून होत्या. आपल्या ‘ए ऽऽ’ किंवा ‘अरे हो ऽऽ’ सारख्याच त्या. ‘हॅलो’ त्या काळी नमस्कारासाठी नव्हता. कुणाचे लक्ष वेधायचे असेल किंवा आश्चर्य वाटले, तर वापरायचा.

आता मैत्रिणीकडे वळू. बेल हा मुळात कर्णबधिर मुलांचा शिक्षक. मेबल हबर्ड ही त्याची विद्यार्थिनी. पाचेक वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरने तिची श्रवणशक्ती गेली होती. जुलै १८७७ मध्ये दोघांचे लग्न झाले. ज्या यंत्राने नवऱ्याचे नाव जगभर झाले, त्यातला एक शब्दही तिला कधी ऐकू येणार नव्हता. ही खरी हकिगत त्या कल्पित मार्गारेटपेक्षा किती तरी अधिक मोलाची आहे, आणि ती कुणी सांगत नाही. बेलने १० मार्च १८७६ रोजी तारेवरून पहिले वाक्य बोलून बोलावले तेही मैत्रिणीला नव्हे, शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या आपल्या मदतनिसाला.

गंमत पुढेच आहे. बेलला ‘हॅलो’ पसंतच नव्हता. खलाशी एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला घालतात ती ‘अहॉय’ ही साद त्याला हवी होती आणि तो स्वतः तीच वापरत असे. (तो जिंकला असता तर मराठी घरांतून फोनवर ‘अहोऽय’ ऐकू आले असते, आणि बऱ्याच गृहिणींना ते जड गेले नसते.)

मग ‘हॅलो’ आला कोठून? त्याचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. सुरुवातीचे टेलिफोन म्हणजे दोन ठिकाणे जोडणारी एकच तार. तिला घंटा नव्हती. पलीकडच्या माणसाला यंत्रापाशी बोलवायचे कसे? कुणी पडद्यावर पेन्सिलने टकटक करी. कुणी घंटा बसवा म्हणत होते. १५ ऑगस्ट १८७७ रोजी थॉमस एडिसनने पिट्सबर्गच्या एका तारकंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यात त्याने कळवले की घंटेची गरज नाही, ‘हॅलो’ अशी हाक १० ते २० फुटांवरूनही ऐकू येते. म्हणजे हा शब्द मुळात एका सुट्या भागाऐवजी आला! पुढे घंटा आलीच, पण शब्द टिकला. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज निघाले. तारा जोडून देणाऱ्या ऑपरेटर मुलींना लोक ‘हॅलो गर्ल्स’ म्हणू लागले. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे एक्स्चेंज १८८२ च्या जानेवारीत सुरू झाले. आपल्या देशात ‘हॅलो’ फोनवरून आला असेल तर त्याच वाटेने.

‘न्यूज’चा निकाल लवकर लागतो. ‘न्यू’ म्हणजे नवे, त्याचे अनेकवचनी रूप ‘न्यूज’, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमध्ये बातम्यांना ‘नुव्हेल’ म्हणतात, तिथेही अर्थ नव्या गोष्टी हाच. आता स्पेलिंग पाहा. लंडनमध्ये १६२२ साली निघालेल्या साप्ताहिक बातमीपत्रांच्या शीर्षकात हा शब्द एन-ई-डब्ल्यू-ई-एस असा पाच अक्षरी छापलेला आहे. दिशांची गोष्ट खरी मानायची तर त्या काळी पूर्व दिशा दोन होत्या असे म्हणावे लागेल. शिवाय आद्याक्षरे जोडून शब्द बनवण्याची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली. जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगू लागला की आधी संशयच घ्यावा.

खरी व्युत्पत्ती व्याकरणालाही उपयोगी पडते. ‘न्यूज’ दिसायला अनेकवचनी, पण आज क्रियापद एकवचनी घेतो. मुले हमखास चुकतात ती इथे. जुन्या इंग्रजी लेखनात दोन्ही प्रकार आढळतात. ‘मीडिया’ हा ‘मीडियम’चा अनेकवचनी शब्द आता त्याच वाटेवर आहे आणि त्यावर इंग्रज व्याकरणकारांचे अजून भांडण चालू आहे. आपल्याकडचे शब्द याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहेत. ‘वृत्त’ हा शब्द ‘वृत्’ या संस्कृत धातूपासून आला, अर्थ ‘घडलेले’. ‘खबर’ अरबीतून आली. इंग्रजी शब्द विचारतो, नवे आहे का? ‘वृत्त’ विचारतो, घडले आहे का? ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. तेव्हापासून हे दोन प्रश्न आपल्या वाचकांपुढे एकत्रच उभे आहेत.

‘एस. ओ. एस.’ म्हणजे ‘सेव्ह अवर सोल्स’, हे तर अनेक सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत छापलेले असते. त्याआधी मार्कोनी कंपनीच्या जहाजांवर १९०४ पासून ‘सी. क्यू. डी.’ हा संकेत होता. ‘सी. क्यू.’ म्हणजे सर्व केंद्रांना उद्देशून, आणि ‘डी’ संकटासाठी. वेगवेगळ्या देशांचे वेगवेगळे संकेत नकोत म्हणून १९०६ च्या बर्लिन परिषदेत एकच ठरला, तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे. निवड कानाची होती. वादळात, खरखरीत, अर्धवट ऐकू आला तरी हा ठेका दुसऱ्या कशात मिसळत नाही. नियम १९०८ पासून लागू झाला. १९१२ साली बुडणाऱ्या ‘टायटॅनिक’ने जुना व नवा दोन्ही संकेत पाठवले होते.

हा संकेत अक्षरांमध्ये न थांबता सलग पाठवतात. म्हणून मोर्सच्या तक्त्यावरून तो ‘एस-ओ-एस’ असा वाचता येतो तसा ‘व्ही-टी-बी’ असाही वाचता येतो. मुलांना तक्ता देऊन आणखी किती वाचने निघतात ते शोधायला सांगावे, तास मजेत जातो. ‘आमचे आत्मे वाचवा’ हे नंतर कुणीतरी अक्षरांना चिकटवलेले आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, चमत्कारिक गोष्ट ऐकली की ती खोटी समजावी. तसेही नाही. वैमानिक संकटात ‘मेडे’ असे तीनदा ओरडतात. हा शब्द म्हणजे ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचे इंग्रजी कानाला ऐकू आलेले रूप आहे, असे सांगितले तर बनावट वाटेल. पण ते खरे आहे. १९२३ च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड नावाचे रेडिओ अधिकारी होते. बोलून संदेश देताना ‘एस’ हे अक्षर नीट ऐकू येत नसे आणि तिथली बरीचशी वाहतूक पॅरिसकडची. दोन्हीकडच्या लोकांना समजेल असा शब्द त्यांनी सुचवला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत तो मान्य झाला. ‘टेलिग्राम’चाही असाच जन्मदाखला आहे. ६ एप्रिल १८५२ च्या एका अमेरिकी वृत्तपत्रात तो प्रथम सुचवला गेला. पाच वर्षांनी इंग्लंडातले ग्रीक भाषेचे पंडित वृत्तपत्रातून तक्रार करू लागले की हे रूप अशुद्ध आहे, ‘टेलिग्राफीम’ म्हणा. लोकांनी पंडितांचे ऐकले नाही. मराठीने तर दोन्ही बाजूला ठेवून सरळ ‘तार’ म्हटले. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, पण ‘तार आली’ म्हटल्यावर काळजात होणारे धस्स जुन्या माणसांना अजून आठवते.

आम्हाला सर्वांत आवडतो तो ‘ब्रॉडकास्ट’. रेडिओ येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे हा शब्द शेतात होता. मुठीत बी घेऊन हात लांब फिरवत ते सगळीकडे फेकणे, म्हणजे ब्रॉडकास्ट. आपल्याकडे भाताचा राब भाजून झाला की असेच बी फोकतात. पाभरीने किंवा तिफणीने ओळीत केलेली पेरणी वेगळी आणि फोकून केलेली वेगळी, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

मार्कोनीच्या काळात बिनतारी यंत्राकडून अपेक्षा होती ती ओळीतल्या पेरणीची. एका जहाजाने एका बंदराशी बोलावे. लहरी चहूकडे पसरतात आणि कुणीही ऐकू शकतो, हा दोष मानला जाई. गुप्त संदेश पाठवणाऱ्यांना ती डोकेदुखीच होती. १९२० च्या सुमारास काही लोकांनी तोच दोष गुण म्हणून वापरला. ऐकणारा कोण आहे हे ठाऊक नसताना बोलायचे. या नव्या कामाला नाव हवे होते, ते शेतातून मिळाले. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल असे ‘फोकले’. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि काम सरकारकडे गेले. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले.

आपण त्यासाठी ‘प्रक्षेपण’, ‘प्रसारण’ असे शब्द घडवले. ‘क्षेप’ म्हणजे फेकणे, म्हणजे हात तोच राहिला, मूठभर बी मात्र गळाले. भातखाचरांच्या गावात शिकवणाऱ्या शिक्षकांनी ‘ब्रॉडकास्ट’चा अर्थ शब्दकोशातून लिहून देण्याआधी, फोकून पेरणे म्हणजे काय हे एखाद्या मुलाला वर्गापुढे हात फिरवून दाखवायला सांगावे. मग रेडिओच्या मनोऱ्याचे चित्र दाखवावे. दोन्हींत सारखे काय आणि वेगळे काय, हे मुलेच सांगतात. बी पडते तिथेच रुजते आणि मुठीतून संपते. लहर कितीही जणांनी ऐकली तरी दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही. हा फरक आम्हाला सातवीतल्या एका मुलीने सांगितला होता.